तुला कळतं ते कर

दिवाळी आठवड्यावर आली होती. आई पोटमाळ्यावर होती आणि मी खाली, बाबांच्या कॉम्प्युटरसमोर. कांदिवलीत चारकोपला पोटमाळा नसलेलं घर शोधून दाखवा. 1980च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने इथे 'साइट अँड सर्व्हिसेस' योजना आली. लोकांना आखलेले प्लॉट मिळाले, घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे बांधलं, आणि तेव्हापासून ज्याने त्याने त्याला काही ना काही जोडत नेलं. पोटमाळा, वरचा मजला, बाहेरचा लोखंडी जिना. आमच्या घरातला मूळ भाग कुठला आणि मागाहून जोडलेला कुठला, हे आता बाबांनाही आठवून सांगावं लागतं.

कॉम्प्युटरचंही तसंच झालं होतं. विंडोज 10चा सपोर्ट दोन दिवसांनी, 14 ऑक्टोबर 2025ला संपणार होता आणि बाबांचं मशीन विंडोज 11च्या अटींत बसत नव्हतं. नवीन घ्यायचं ठरलं होतं, पण बाबांच्या 'सीझन संपू दे' या शब्दाला आमच्या घरात फार वजन आहे. बाबा निवृत्त झाल्यापासून लोकांची टॅक्स रिटर्न भरून देतात. रोज सकाळी ते आउटलुक उघडतात आणि ते उघडेपर्यंत आईचा चहा होतो. मी मोबाइलवर वेळ लावली. दोन मिनिटं दहा सेकंद. सॉफ्टवेअर इंजिनिअरच्या घरात हे म्हणजे शिंप्याच्या अंगावर उसवलेला सदरा.

कारण मला न बघताच माहीत होतं. ॲड-इन. आउटलुकसारख्या मोठ्या प्रोग्रॅमला बाहेरून येऊन चिकटलेले छोटे प्रोग्रॅम. तुम्ही अँटिव्हायरस टाकता, तो मेल तपासायला आपला एक माणूस आउटलुकच्या दारात बसवून जातो. फोन कॉम्प्युटरला जोडता, तो कॅलेंडर जुळवायला दुसरा बसवतो. वर्षभराने अँटिव्हायरसची मुदत संपते, फोन बदलतो, पण दारातली माणसं उठत नाहीत. सुंभ जळतो, पीळ राहतो. फाइल, ऑप्शन्स, ॲड-इन्स, खाली 'गो' असं गेलं की त्यांची यादी दिसते. बाबांच्या यादीत अकरा नावं होती. पाच-सहा मी लगेच ओळखली: काढून टाकलेल्या अँटिव्हायरसचा, जुन्या आयफोनचा, पीडीएफ करणारा, फॅक्स पाठवणारा (फॅक्स!), व्हिजिटिंग कार्ड स्कॅन करणारा. बाकीची नावं कुणी घाईत ठेवलेली, काहीच न सांगणारी.

"बाबा, हे सगळं जुनं आहे. काढू का?"

बाबा फॉर्म 16चे कागद लावत होते. मान वर न करता म्हणाले, "तुला कळतं ते कर."

इथे थोडं तांत्रिक सांगतो, कारण माझी चूक नेमकी याच तपशिलात आहे. ॲड-इन काढण्याच्या तीन पायऱ्या असतात. पहिली, नावासमोरची टिक काढायची. विंडोजच्या रजिस्ट्रीत प्रत्येक ॲड-इनच्या नावाखाली 'लोड बिहेविअर' नावाचा एक आकडा असतो. तो 3 असेल तर आउटलुक उघडताना ॲड-इनही उठतो. टिक काढली की 3चा 2 होतो. ॲड-इन जागेवरच राहतो, फक्त झोपतो, आणि टिक परत केली की जागा होतो. दुसरी पायरी 'रिमूव्ह'. त्यात यादीतली नोंद जाते, पण फाइल डिस्कवर राहते. तिसरी, कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन तो ज्याच्यासोबत आला ते सगळं पॅकेजच अनइन्स्टॉल करायचं. मग मागे काही उरत नाही.

मी अकराच्या अकरा टिका काढल्या. आउटलुक बंद करून उघडलं. एकोणीस सेकंद. काम झालं होतं. बाबांचा चहा आता आउटलुकनंतर येणार होता.

आणि मग मी कंट्रोल पॅनल उघडलं.

का उघडलं, याचा मी नंतर बराच विचार केला. वेग तर मिळाला होता. झोपलेला ॲड-इन कुणाचं काही खात नाही, डिस्कवर थोडी जागा अडवतो इतकंच. पण यादी स्वच्छ दिसत नव्हती. पोटमाळ्यावरून आई गोणी भरून सामान खाली देत होती, मलाही हातासरशी एक गोणी भरायची होती. टिका काढल्या त्या बाबांसाठी. त्यापुढचं सगळं मी माझ्यासाठी केलं, आणि परवानगी मात्र तीच वापरली.

तुळशीचं लग्न झालं त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाबांनी मला हाक मारली. एका क्लायंटची जुनी मेल सापडत नव्हती. शोधताना मला डावीकडे 'अण्णा' नावाचं फोल्डर दिसलं. अण्णा म्हणजे माझे मोठे काका, बाबांचे थोरले भाऊ. सहज उघडलं. आत साठेक मेल, आणि प्रत्येकीत रोमन अक्षरं, टिंबं, उलटे स्वल्पविराम, डॉलरची चिन्हं यांचा नुसता चिवडा. एक शब्द लागत नव्हता.

"हे काय झालंय?" मी विचारलं.

"ते ना," बाबा म्हणाले, "पाडव्यालाच बघितलं मी. सगळ्या मुंग्या झाल्यात. माझंच काहीतरी दाबलं गेलं असणार."

अण्णाकाकांचं चिपळूणला डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, दहावीत पास झालेल्या मुलांचे बॅनर. 2014च्या गणपतीत ते आमच्याकडे आले तेव्हा पिशवीतून एक सीडी घेऊन आले होते. त्यांच्या दुकानातलं मराठी टायपिंगचं पॅकेज त्यांनी बाबांच्या कॉम्प्युटरवर टाकलं आणि म्हणाले, आता तुला मराठीत पत्र लिहितो, इंग्रजीत माझं मन रमत नाही. तेव्हापासून वर्षाला सात-आठ पत्रं यायची. त्यातलं दिवाळीचं लांब. 22 जुलै 2021ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा दुकान गेलं, कॉम्प्युटर गेला, आणि पुढच्या वर्षी अण्णाकाकाही गेले. त्यानंतर दर पाडव्याला बाबा ती पत्रं उघडून वाचतात, हे मला त्या संध्याकाळी कळलं. एकाच घरात राहून.

मी अनइन्स्टॉल केलेल्या पॅकेजांपैकी एक ते होतं. अकरातल्या काहीच न सांगणाऱ्या नावांपैकी एक त्याचा ॲड-इन होता. आउटलुकमध्ये मराठी कीबोर्ड चालू-बंद करायचं एक बटण, इतकंच त्याचं काम. पण पॅकेज जाताना आपले फॉन्टही घेऊन गेलं, आणि फॉन्ट गेले तसं पत्रांतलं मराठीही गेलं.

हे असं का होतं, ते माझ्या वयाच्या बऱ्याच जणांना माहीत नसेल, कारण आपण मराठी टाइप करायला लागलो तेव्हा युनिकोड हातात होतं. देवनागरी साठवायची प्रमाण पद्धत जुनी आहे. इस्की हे भारतीय मानक 1991चं, आणि युनिकोडमधली देवनागरीची मांडणी त्याच्याच 1988च्या आवृत्तीवरून घेतलेली. विंडोज 2000मध्ये 'मंगल' फॉन्टही आला. पण छपाईच्या दुनियेचा संसार त्याआधीच थाटला होता आणि तिने वेगळी युक्ती केली होती. कॉम्प्युटरला सांगायचं की आपण इंग्रजीच लिहितोय, आणि फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवायचे. एका जागी अर्धा क, एका जागी काना, एका जागी रफार. मशीनला त्यात मराठी दिसतच नाही. मराठी असतं फक्त फॉन्टमध्ये आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांत. फॉन्ट काढून घ्या, उरतो तो चिवडा.

म्हणजे पत्रं नष्ट झाली नव्हती. एकही बाइट हललेला नव्हता. हे मी बाबांना उत्साहाने समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे माझ्याकडून नव्हतं झालं?"

नाही, बाबा. माझ्याकडून.

ऑफिसात एका मित्राला हे सांगितलं. मालाडच्या माइंडस्पेसमध्ये दुपारच्या जेवणानंतर चक्कर मारताना असले विषय निघतात. तो म्हणाला, "पण तू विचारलं होतंस ना? ते 'कर' म्हणाले ना? मग विषय संपला." पुढे म्हणाला, "घरच्यांना एकेक डीएलएल समजावत बसलास तर पुढची दिवाळी येईल."

दुसरं वाक्य खरं आहे. पहिल्याशी माझं भांडण आहे.

2008 साली सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. एका बाईंना तपासणीसाठी भूल दिली होती. तपासणी चालू असताना डॉक्टरांना शस्त्रक्रिया करणं योग्य वाटलं, त्यांनी बाहेर बसलेल्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय व अंडाशयं काढून टाकली. न्यायालयाने सांगितलं की तपासणीची संमती ही काढून टाकण्याची संमती नव्हे, आणि रुग्ण स्वतः सज्ञान असताना, जिवावर बेतलेलं नसताना, तिच्या आईची संमतीही चालणार नाही. शिवाय संमती खरी ठरायला माणसाला निर्णय घेता येईल इतकी माहिती आधी द्यावी लागते. शरीर आणि आउटलुक यांची तुलना करायला मलाही संकोच वाटतो. पण निकाल वाचताना मी अडखळलो ते एका साध्या गोष्टीवर: डॉक्टरांच्या हेतूत खोट असण्याची गरजच नव्हती. त्यांना बरोबर वाटलं ते त्यांनी केलं, आणि तरीही ते चूक ठरलं.

'तुला कळतं ते कर' या वाक्यात 'कळतं' कुणाला काय, हा प्रश्न कुणी विचारत नाही. मला कळत होतं की अमुक ॲड-इन किती सेकंद खातो, त्याची फाइल कुठे आहे, त्याची शेवटची आवृत्ती कधीची. बाबांना कळत होतं की अण्णाची पत्रं मराठीत आहेत आणि ती वाचता येतात कारण अण्णाने काहीतरी टाकून दिलंय. या दोन गोष्टींची गाठ पडली असती तर मी तो हात लावलाच नसता. ती गाठ घालून देणं माझं काम होतं, कारण यादी माझ्यासमोर होती. 'काढू का?' हा प्रश्न नव्हताच मुळी. त्यात 'नको' म्हणायला बाबांना पकडण्यासारखं काहीच नव्हतं. 'यात मराठी टायपिंगचं काहीतरी दिसतंय, ते कुणी टाकलं होतं?' हा प्रश्न झाला असता. पाच सेकंद लागले असते.

मित्राच्या बाजूने आणखी एक म्हणता येईल. ही सगळी अडगळ आली तीही कुठे विचारून आली? इन्स्टॉल करताना 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश' दाबताना त्या खिडक्यांमध्ये सगळं लिहिलेलं असतं, बाबांनी 'आय ॲग्री'वर टिकही केलेली असते. त्याला आपण फसवणूक म्हणतो, आणि मला वाटतं बरोबरच म्हणतो. मग माझ्या 'काढू का?'ला परवानगी का म्हणायचं? समोरच्याला समजणार नाही हे पक्कं ठाऊक असताना त्याच्याकडून 'हो' घ्यायचं, हा प्रकार दोन्हीकडे सारखाच. कंपनी ते वकिलांना विचारून करते, मी ते मुलगा म्हणून केलं.

एक गोष्ट तर त्याहून लाजेची. आउटलुक 2013पासून हा प्रोग्रॅम स्वतःच हिशेब ठेवतो. सुरू होताना एखादा ॲड-इन सरासरीने एका सेकंदाहून जास्त वेळ घ्यायला लागला की आउटलुक त्याला परस्पर बंद करतो आणि तुम्हाला कळवतो. पण कळवताना एक बटणही देतो, 'हा नेहमी चालू ठेवा'. ते दाबलं की रजिस्ट्रीत, 'बंद करू नये' अशा यादीत, त्याची नोंद होते. पत्रांचा प्रकार कळल्यावर मी ती यादी उघडली. अण्णाकाकांच्या पॅकेजचं नाव तिथे अजून होतं. कधीतरी आउटलुकने ते बंद करायला घेतलं होतं आणि बाबांनी, किंवा सुट्टीत आलेल्या काकांनी, नाही म्हटलं होतं. माझ्याआधी त्या निर्बुद्ध प्रोग्रॅमनेसुद्धा नीट विचारलं होतं. आणि उत्तर लिहून ठेवलेलं होतं, मी फक्त वाचलं नाही.

आता कुणी म्हणेल, मग काहीच काढू नका, जे आहे ते राहू दे. असं मला मुळीच म्हणायचं नाही. आमच्या धंद्यात या भक्तिभावाची किंमत मोजलेली आहे. 1 ऑगस्ट 2012ला अमेरिकेत नाइट कॅपिटल या शेअर दलालीच्या कंपनीने नवा कोड आठ सर्व्हरवर चढवायचा होता, एकावर राहून गेला. त्या एका सर्व्हरवर 2003पासून वापरात नसलेला एक जुना कोड तसाच पडून होता. कुणी काढला नव्हता. नव्या कोडने जो इशारा वापरला त्याने तो जागा झाला आणि वेड्यासारखे सौदे करत सुटला. पाऊण तासात 44 कोटी डॉलरचं नुकसान. त्या नऊ वर्षांत कुणातरी इंजिनिअरने तो कोड पाहिला असेल आणि 'चालतंय ना, कशाला हात लावा' म्हणून पुढे गेला असेल. मीही असा अनेकदा गेलोय.

उलट बाजूला 2016च्या मार्चमध्ये एका प्रोग्रॅमरने आपलं 'लेफ्ट-पॅड' नावाचं अकरा ओळींचं पॅकेज इंटरनेटवरच्या सामायिक साठ्यातून काढून घेतलं. त्याचंच होतं, त्याने काढलं. जगभरातले हजारो प्रोजेक्ट बांधता येईनात. त्यावर कोण कोण उभं आहे हे त्यालाच काय, उभ्या असलेल्यांनाही माहीत नव्हतं. काही तासांत ते परत ठेवावं लागलं.

या दोन गोष्टींमधून नियम काढायचा मी प्रयत्न केला, निघाला नाही. 'काढा' आणि 'ठेवा' या दोन्हींत आळस मावतो. माझा आळस काढण्याचा होता, एवढंच मला माझ्यापुरतं सांगता येईल. आणि माझ्या आळसाचा भार बाबांनी उचलला. पाडव्यापासून पंधरा दिवस त्यांना वाटत होतं की भावाची पत्रं आपल्या हातून गेली. त्यांनी मला सांगितलंही नाही, कारण मी रविवार घालवून मशीन पळतं केलं होतं, आता ह्याला आणखी कशाला. ज्याला यंत्र कळत नाही तो बिघडलं की आधी स्वतःकडे बघतो. आणि आम्ही, ज्यांना कळतं, त्याची ही सवय रोज वापरतो. 'यूजर एरर' हा शब्द मी तिकिटांवर कितीदा लिहिलाय.

फॉन्ट शेवटी कांदिवली स्टेशनजवळच्या एका लग्नपत्रिकावाल्याकडे मिळाला. त्याच्याकडे कोपऱ्यात एक पिवळट पडलेला कॉम्प्युटर आहे, इंटरनेटला न जोडलेला. "नवे दोन आहेत," तो म्हणाला, "पण जुन्या पत्रिका ह्याच्याशिवाय उघडत नाहीत. लोक येतात, थोरल्याची होती तश्शीच धाकट्याची करा म्हणतात. मग?" लायसन्सचा प्रश्न माझ्या मनात आला. काकांनी पॅकेज विकत घेतलं होतं, सीडी मात्र सापडत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. या लेखात ही अजून एक जागा आहे जिथे मी नीट विचारलं नाही.

पेन ड्राइव्हवरून फॉन्ट टाकला आणि मुंग्या परत अक्षरं झाल्या. पण मला तेवढ्यावर थांबवेना. उद्या मशीन बदलेल, म्हणून मी दोन रात्री बसून सगळी पत्रं युनिकोडमध्ये बदलणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. सोपं नव्हतं. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. रफार तर त्याहून वाकडा. 'वऱ्हाड'ने एक अख्खा तास खाल्ला. शेवटी साठही पत्रं मंगल फॉन्टमध्ये, शोधता येतील, फोनवरही वाचता येतील अशी करून बाबांना दाखवली.

बाबांनी दिवाळीचं एक पत्र वाचलं. मजकूर बरोबर आहे म्हणाले. मग जुनं पत्र शेजारी उघडायला लावलं. त्यात अण्णाकाकांनी निवडलेला पत्रिकेतला फॉन्ट होता, जाड उभ्या रेघांचा, श्रीच्या शेपटीला जरा जास्तच बाक असलेला.

"हे अण्णाचं अक्षर," बाबा म्हणाले. "ते दुसरं टाइप केलेलं वाटतं."

दोन्ही टाइप केलेलीच होती. मी तसं म्हटलं नाही.

आता दोन्ही आहेत. मूळ पत्रं मूळ फॉन्टसकट, आणि युनिकोडमधल्या प्रती. नव्या मशीनवर नवं आउटलुक आलं तर त्यात हे जुने कॉम ॲड-इन चालतच नाहीत, सगळ्यांचा एकदम निकाल लागेल, कुणी कुणाला न विचारता. ते बाबांना सांगितलंय. ते म्हणाले, "मग आत्ता एकदा यादी वाच."

परवा रात्री जेवणं झाल्यावर आम्ही यादी वाचली. ज्यांची पॅकेज मी त्या दिवशी काढली नव्हती ते सहा ॲड-इन उरले होते, सगळे झोपलेले. मी नाव वाचायचो, ते कशासोबत आलं असेल ते सांगायचो, आणि बाबा आठवायचे. कार्ड स्कॅनरवाला त्यांनी 2015 साली एका प्रदर्शनातून आणला होता, चार कार्डं स्कॅन केली होती. काढ. फॅक्सवाला एका क्लायंटमुळे, तो क्लायंट आता मुलाकडे कॅनडाला असतो. काढ. असं करत पाच गेले. सहावा एका भलत्याच नावाचा होता. कशासोबत आला ते मलाही शोधून सापडलं नाही, बाबांनाही आठवलं नाही. चालू केला तर सकाळी दीड सेकंद खातो.

"हा चालू कर, राहू दे," बाबा म्हणाले.

"का?"

"माहीत नाही. राहू दे."

मी टिक परत केली.